वय वजा फाइल

मराठी घरात मूल मोठं व्हायची तारीख ठरलेली नसते. टक्कल पडलेला, बीपीची गोळी घेणारा, सोसायटीचा चेअरमन झालेला गृहस्थही आईच्या लेखी 'बाळ्या'च असतो, आणि त्याने दुसऱ्यांदा भात घेतला नाही तर ती काळजीत पडते. आपल्या सरकारलाही याबाबत एकदा काय ते ठरवता आलेलं नाही. अठराव्या वर्षी मत देऊन खासदार निवडता येतो, पण २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानुसार २१ पूर्ण होईपर्यंत पुरुष 'बालक'च असतो. महाराष्ट्रात व्हिस्कीचा परवाना हवा असेल, तर पंचविशी गाठावी लागते. या सगळ्या वयांत आपण सुखाने नांदतो, कारण त्यातलं कुठलंच आपण फारसं मनावर घेत नाही.

अमेरिका मनावर घेते. तिथल्या इमिग्रेशनच्या कायद्यात मूल म्हणजे २१ वर्षांच्या आतलं आणि अविवाहित. बापाला ग्रीन कार्ड मिळालं तर असं मूल त्याच्या अर्जाच्या शेपटाला धरून आत येतं. एकविसावा वाढदिवस झाला की शेपूट सुटलं. योगायोग बघा, ज्या दिवशी भारताचा कायदा मुलाला लग्नाला मोकळा करतो, त्याच दिवशी अमेरिकेचा कायदा त्याला देश सोडायला मोकळा करतो.

आता कोणी म्हणेल, एकवीस वर्षं काय थोडी झाली? एवढ्यात एक अर्ज निकालात निघत नाही? नाही निघत. नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १ लाख ४० हजार ग्रीन कार्डं निघतात. त्यात बायका-मुलंही मोजतात, म्हणजे चौघांचं कुटुंब चार कार्डं खातं. शिवाय कुठल्याही एका देशाला ७ टक्क्यांच्या वर जायचं नाही, ही १९९० च्या कायद्यापासूनची मर्यादा. भारताला ७ टक्के आणि आइसलँडलाही ७ टक्के. आइसलँडची अख्खी लोकसंख्या चार लाखांच्या आसपास. समतेचं इतकं काटेकोर पालन आपल्याकडे पंगतीत जिलबी वाढतानाही होत नाही. परिणाम असा, की २०२५ च्या ऑक्टोबरात उच्चशिक्षित भारतीयांच्या रांगेत २०१३ सालच्या अर्जांवर काम चाललं होतं.

या रांगेत पासपोर्ट कुठला याला किंमत नाही, बाळंतपण कुठे झालं याला आहे. एखादीचे वडील नोकरीला कुवेतला होते आणि तिचा जन्म तिथला असेल, तर ती कुवेतच्या रांगेत, आणि तिच्या पदराला धरून नवराही त्याच रांगेत. तिथे वर्षानुवर्षं ताटकळावं लागत नाही. उलट मूल कुवेतला जन्मलं असेल तर मात्र आईबापांना त्याच्या रांगेत जाता येत नाही. पत्रिकेत जन्मस्थळाचा रकाना कशाला असतो, हे मला आजवर कळलं नव्हतं. मंगळ बघणाऱ्यांनी यापुढे तेवढा बघावा.

पत्रिकेचा विषय निघालाच आहे, तर न्यू जर्सीतल्या नाही तर बे एरियातल्या मराठी घरात आज जे पंचांग वाचलं जातं, ते दाते पंचांग नव्हे. ते 'व्हिसा बुलेटिन'. अमेरिकेचं परराष्ट्र खातं ते दर महिन्याला काढतं. त्यात कुठली तारीख कुठल्या घरात आली ते बघायचं. कधी ती चार आठवडे सरकते, कधी महिनोन् महिने जागची हलत नाही, आणि कधी वक्री होते. त्याला तिकडे 'डेट रेट्रोग्रेस झाली' म्हणतात. तारीख दोन-चार वर्षं मागे जाते आणि काल ज्यांचा नंबर लागला होता, त्यांचा आज लागलेला नसतो. वक्री शनीची निदान शांत तरी करता येते.

मुलगा मात्र वक्री होत नाही. तो दर वर्षी एक वर्षाने वाढतच जातो. मोठी अडचण हीच.

अमेरिकन काँग्रेसलाही ही अडचण दिसली. ६ ऑगस्ट २००२ रोजी अध्यक्ष बुश यांनी एका कायद्यावर सही केली. त्याचं नाव 'चाइल्ड स्टेटस प्रोटेक्शन ॲक्ट', म्हणजे बाळाचं बाळपण जपणारा कायदा. त्यात वय मोजायची जी रीत सांगितली आहे, तिच्यापुढे भास्कराचार्यांनी हात टेकले असते. ज्या दिवशी व्हिसा उपलब्ध होतो, त्या दिवशीचं मुलाचं वय घ्यायचं आणि त्यातून बापाच्या कंपनीचा आय-१४० नावाचा अर्ज साहेबाच्या टेबलावर जितके दिवस पडून होता, तितके दिवस वजा करायचे. उरेल ते मुलाचं वय. जन्मदाखला, शाळेचा दाखला, आईची आठवण, सगळं बाजूला. वय वजा फाइल.

समजा, नंबर लागला तेव्हा दोन मित्र २१ वर्षं ३ महिन्यांचे आहेत. एकाच्या बापाची फाइल सात महिने धूळ खात पडली होती. तो मुलगा २० वर्षं ८ महिन्यांचा ठरला, म्हणजे बाळ. दुसऱ्याच्या बापाची कंपनी तत्पर. तिने जादा पैसे भरून 'प्रीमियम प्रोसेसिंग' केलं आणि अर्ज पंधरा दिवसांत मंजूर करून आणला. त्या मुलाच्या वयातून पंधरा दिवस वजा झाले आणि तो बाप्या ठरला. सरकारी दिरंगाईचा अधिकृत लाभ देणारा असा कायदा मी दुसरा पाहिलेला नाही. आपल्या कचेऱ्यांत फाइल दाबून ठेवणाऱ्यांना हे कळलं, तर ते आपल्या कामाला बालकल्याण म्हणतील.

तरी वजाबाकीला हद्द आहे. आय-१४० च्या आधी कामगार खात्याच्या मंजुरीत गेलेला काळ धरत नाहीत. मंजुरीनंतर रांगेत गेलेली बारा वर्षंही धरत नाहीत. म्हणजे जखम जिथे आहे तेवढी जागा सोडून बाकी सगळीकडे मलम लावायचं. बापाची जुनी तारीख मुलाला वारशाने तरी मिळावी, म्हणून काही कुटुंबं भांडत भांडत सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. २०१४ साली कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं, की कलमाची भाषा संदिग्ध आहे, तेव्हा सरकारने लावलेला अर्थ चालेल. अर्थातच सरकारने लावलेला अर्थ असा, की बहुतेकांनी रांगेच्या शेवटी जावं.

बरं, 'व्हिसा उपलब्ध झाला' म्हणजे कधी? बुलेटिनमध्ये दोन तक्ते असतात. एक अर्ज कधी भरायचा त्याचा, दुसरा कार्ड कधी मिळेल त्याचा, आणि पहिला बहुधा पुढे असतो. २०२३ च्या फेब्रुवारीत इमिग्रेशन खात्याने उदार होऊन पहिला तक्ता धरायचं ठरवलं. कितीतरी मुलं एका परिपत्रकाने पुन्हा लहान झाली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये खात्याने विचार बदलला. नवा नियम १५ ऑगस्टपासूनच्या अर्जांना लागू. एकाच दिवशी, एकाच दवाखान्यात जन्मलेली दोन मुलं घ्या. १४ ऑगस्टला अर्ज गेलेलं बाळ राहिलं आणि १५ ऑगस्टला गेलेलं मोठं झालं. भारतीय पोरांना स्वातंत्र्य द्यायला त्यांना दुसरा दिवस सापडला नाही.

आता या 'अवलंबून असलेल्या' मुलाचे दिवस कसे जातात ते बघा. ते एच-४ व्हिसावर असतं. या व्हिसावर मुलाला एक डॉलरही कमवता येत नाही. वर्गातली बाकीची पोरं सुट्टीत बर्गरच्या दुकानात उभी राहतात, पगारी इंटर्नशिप करतात. हे घरी बसतं. कॉलेजसाठी केंद्र सरकारची मदत नाही. कायदा त्याला वीस वर्षं ३६४ दिवस हाताला धरून परावलंबी ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सांगतो, की तू आता कोणावर अवलंबून नाहीस, निघ. केक कापायच्या आधी आय-२० हातात नसेल, तर मेणबत्तीबरोबर मुक्कामही विझतो.

आय-२० म्हणजे परदेशी विद्यार्थ्याचा कागद. जो मुलगा तिसऱ्या वर्षी नाशिक सोडून गेला, ज्याने बालवाडीपासून तिथल्या झेंड्याला रोज सकाळी सलाम केला, जो आजीशी मराठीत दोन वाक्यं बोलून फोन आईकडे देतो, तो एकविसाव्या वर्षी परदेशी विद्यार्थी होतो. मग त्याला दाखवावं लागतं, की आपलं खरं घर भारतात आहे आणि शिक्षण झालं की आपण परत जाणार आहोत. बापाने तर कायमचं राहण्याचा अर्ज करून ठेवलेला. एकाच डायनिंग टेबलावर बाप 'इथेच राहणार' म्हणून शपथेवर सांगतो आणि मुलगा 'जाणार' म्हणून. दोघांच्या सह्या एकच वकील घेतो.

"सगळं लीगल आहे आपलं" हे वाक्य तिकडच्या मराठी बैठकीत फार अभिमानाने ऐकू येतं. चोरून आलेल्यांशी आपली तुलना नको, आपण रांगेतले, असा त्याचा सूर असतो. त्यांच्यासाठी एक माहिती. लहानपणी आणल्या गेलेल्या मुलांना हाकलू नये म्हणून २०१२ साली ओबामांच्या सरकारने 'डाका' नावाची सवलत काढली. तिची एक अट अशी, की १५ जून २०१२ रोजी मुलाजवळ राहण्याचा वैध परवाना नसावा. ज्यांच्याजवळ होता, ते बाद. आईबापांनी वेळेवर कागद भरले, मुदती पाळल्या, कर भरला, त्याचं हे प्रशस्तिपत्र. यावर काही जण विचारतात, जातानाच नियम माहीत नव्हते का? बरोबर आहे. तीन वर्षांच्या मुलाने विमानात बसण्याआधी कलमं वाचायला हवी होती.

धाकटं मूल तिकडेच जन्मलं असेल, तर घरात आणखी मजा. ते जन्मतः अमेरिकन नागरिक. ते २१ वर्षांचं झालं की आईबापांसाठी अर्ज करू शकतं, आणि नागरिकाच्या आईबापांना संख्येची मर्यादा नाही, रांग नाही. म्हणजे एकविसाव्या वाढदिवसाला थोरला स्वतः उपरा होतो, आणि धाकटा त्याच वाढदिवसाला आईबापांना कायमचं करतो. थोरल्यासाठी धाकट्याने अर्ज केला तर? करता येतो. भावंडांची वेगळी रांग आहे. भारतीयांसाठी ती २०२५ सालीही २००६ च्या अर्जांवर रेंगाळत होती. राखी-भाऊबीजेच्या देशातून आलेल्यांना भावाची किंमत अशी कोणी सांगितली नव्हती.

एक गोष्ट मात्र या कायद्याने करून दाखवली, ती इथल्या कुठल्याही सुधारकाला जमली नाही. मराठी आईला त्याने 'लग्न कधी करतोस?' हे विचारायचं थांबवलं आहे. मूल म्हणून गणायचं तर अविवाहित हवं, हे वर आलंच. एकवीस उलटून गेले आणि मागाहून बापाला कार्ड मिळालं, तर बाप मुलासाठी नव्याने अर्ज करू शकतो. त्याला सध्या नऊएक वर्षांची रांग आहे, आणि त्या काळात मुलाने लग्न केलं तर अर्ज मरतो. ग्रीन कार्डवाल्याच्या विवाहित मुलासाठी रांगच नाही. त्यामुळे तिशीला टेकलेल्या मुलाची आई हल्ली फोनवर सांगते, "घाई नको करूस हो, मुली काय, मिळतील." इकडे पुण्यात आजी हे ऐकते आणि अमेरिकेत राहून सुनेचे विचार किती बदलले म्हणून कौतुक करते.

इतर देश काय करतात? कॅनडाने २०१४ च्या ऑगस्टमध्ये मुलाचं वय १९ च्या आत आणलं आणि २०१७ च्या ऑक्टोबरात पुन्हा २२ च्या आत नेलं. तीन वर्षं तिथलं बालपण आखूड होतं. पण पूर्ण भरलेला अर्ज पोचला की त्या दिवशीचं वय तिथे कुलूपबंद होतं. पुढे साहेबाने कितीही वेळ लावला तरी मूल वाढत नाही. बावीसनंतरही आजारपणामुळे किंवा अपंगत्वामुळे आईबापांवर अवलंबून असलेल्या मुलाला तिथे मूल मानतात. ऑस्ट्रेलिया तेविसाच्या आतल्या परावलंबी मुलाला सामावून घेतो. आईच्या हातच्या पोळीशिवाय जेवण न जाणं या विकाराची दखल अजून कुठल्याही देशाने घेतलेली नाही, नाही तर महाराष्ट्र निम्मा रिकामा झाला असता.

रांगेत असलेल्या वाचकांना चार शब्द व्यवहाराचे. मुलाचं वय वाढदिवसावरून मोजू नका, आय-१४० दाखल झाल्याची आणि मंजूर झाल्याची तारीख काढून वकिलाकडून मोजून घ्या. नंबर लागल्यावर एक वर्षाच्या आत मुलाचा अर्ज गेला नाही, तर वजाबाकीचाही फायदा जातो. एच-४ संपायच्या बऱ्याच आधी विद्यार्थी व्हिसाची तयारी करा. आणि लग्नाचा हॉल बुक करू नका.

अर्ज दाखल झाला त्या दिवशीचंच वय धरावं, अशी तरतूद असलेलं 'अमेरिकाज चिल्ड्रन ॲक्ट' नावाचं विधेयक २०२१ साली काँग्रेसमध्ये मांडलं गेलं. दोन्ही पक्षांच्या लोकांनी ते मांडलं, पुढे पुन्हा मांडलं. त्याचा अजून कायदा झालेला नाही. ते पहिल्यांदा मांडलं तेव्हा जी मुलं सतरा वर्षांची होती, ती सगळी एकवीस ओलांडून गेली आहेत.