स्वस्तातली जर्मन

नव्या स्विफ्टच्या पैशात १० वर्षं जुनी जर्मन गाडी मिळते, हा शोध हल्ली पुण्यातल्या बऱ्याच सोसायट्यांत लागतो. बोनेटवर स्वस्तिक निघतं, चाकाखाली लिंबू फुटतं आणि मालक दोन महिने लिफ्टऐवजी पार्किंगमध्येच भेटतात.

मग एके रात्री एअर सस्पेन्शन बसतं. सकाळी गाडी चिखलातल्या म्हशीसारखी एका अंगावर कललेली. गंमत अशी, की गाडीची किंमत उतरते, सुट्या भागांची मात्र नाही. ते आजही शोरूमच्या तोऱ्यातच येतात. साधा विमाही मिश्कील. पाच वर्षांच्या गाडीची किंमत निम्मी धरतो आणि रबर, नायलॉन, प्लॅस्टिकच्या भागांचे निम्मेच पैसे देतो. (बंपरात दुसरं असतं काय?)

शेजारच्या काकांच्या अल्टोकडे कुणी वळून बघत नाही. तिचा क्लच मात्र नाक्यावरचा मिस्त्रीही चहा पीत पीत बदलतो. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, तिलाही तो अजून हात लावतो.

तरी जर्मनच घ्यायची? मग आधी गिअरबॉक्सचं कोटेशन मागवा, गाडी नंतर बघा.