कागद गळ्यात, जीव भांड्यात

नंदुरबारच्या बसस्थानकावर सुरत गाडी लागायच्या बऱ्याच आधीपासून एक गृहस्थ डावा हात छातीवर घट्ट दाबून उभे दिसतील. हृदयविकाराची शंका घेऊन पाणी आणायला धावू नका. ते आमचे आप्पा, आणि हाताखाली जे आहे ते पाकीट.

हे पाकीट गळ्यात असतं. रुंद काळा पट्टा, त्याला पासपोर्टाहून बोटभर मोठा पाऊच. दर्शनी बाजूला पारदर्शक खिडकी, तिच्यामागे चेनचा कप्पा, पाठीला चरचर वाजणारं वेल्क्रो. सुरत स्टेशनबाहेर घेतलं तेव्हा वेष्टनावर 'हँड्स-फ्री' लिहिलेलं होतं. दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून ही वस्तू निघाली, पण पाकीट गळ्यात आल्यापासून आप्पांचा डावा हात कायमचा त्याच्या पहाऱ्यावर लागला आहे. भाजीची पिशवी उजव्या हातात, छत्री उजव्या हातात, आणि नातू भेटला तर त्याचं बोटही त्याच उजव्या हातात. घरातलं माणूस 'अहो, तो हात सोडा' म्हणालं तर आप्पा म्हणतात, "गर्दी आहे." त्या वेळी ते ओट्यावर एकटेच बसलेले असतात.

खिडकीत आधार कार्ड. तेही साधं नव्हे, पन्नास रुपये भरून पोस्टानं मागवलेलं प्लास्टिकचं. चेनच्या कप्प्यात मतदार ओळखपत्र, पॅन, पेन्शनच्या आदेशाची झेरॉक्स, रक्तगटाची चिठ्ठी आणि गेल्या नोव्हेंबरात दिलेल्या हयातीच्या दाखल्याची पोच. जिवंत असल्याचा पुरावा गळ्यात घालून फिरणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. वेल्क्रोच्या कप्प्यात वर्तमानपत्राचं एक पिवळं कात्रण आहे. रेल्वे पूर्वी साठीपुढच्या पुरुषांना तिकिटात 40 टक्के सवलत द्यायची, ती मार्च 2020 मध्ये बंद झाली, त्याची ती बातमी. सवलत परत येईल त्या दिवशी आधी काय होतं हे दाखवता यायला हवं, असं आप्पांचं म्हणणं.

आप्पा महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. नोकरीची बरीच वर्षं सातपुड्यात, धडगावकडे गेली. डोंगरातल्या पाड्यावरून पहाटे निघालेला माणूस दुपारी त्यांच्या टेबलापाशी पोचायचा. आप्पा चष्म्यावरून बघत विचारायचे, "रेशनकार्डाची झेरॉक्स?" ती नसायची. "उद्या या." उद्या म्हणजे पुन्हा तेवढाच डोंगर, हे आप्पांच्या डोक्यात यायचं नाही, कारण अर्जाच्या नमुन्यात डोंगराचा रकाना नव्हता. माणूस वाईट नव्हता. पैसे कधी खाल्ले नाहीत. खायचे ते फक्त वेळ. 1 जुलै 1998 ला धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, तेव्हा लोकांनी पेढे वाटले. आप्पांना मात्र काळजी पडली ती शिक्क्यांची. जुन्या शिक्क्यात 'धुळे' आणि नव्या जिल्ह्यात अर्ज, म्हणजे हा कागद धरायचा की नाही?

अशा माणसाच्या जिल्ह्यात आधार जन्माला यावं, हा योग म्हणायचा. 29 सप्टेंबर 2010 रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले ते शहादा तालुक्यातल्या टेंभलीत. आप्पांना नंबर मिळाला तो पुढं, रांगेत उभं राहून, पण ते बोलताना 'आमच्याकडचं आधार' असंच म्हणतात. सुरतेत एका सोसायटीच्या दारावर वॉचमननं 'किधर जाना है' एवढंच विचारलं, तर आप्पांनी पाकीट उचलून त्याला टेंभलीपासून सगळा इतिहास ऐकवला. वॉचमन म्हणाला, "अंकल, फ्लॅट नंबर बोलो." फ्लॅट नंबर तेवढा पाकिटात नव्हता.

पाकीट गळ्यात आलं ते एसटीमुळे. ऑगस्ट 2022 मध्ये एसटीनं पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास दिला. आप्पांना अजून काही महिने कमी पडत होते. पासष्ट ते पंचाहत्तरवाल्यांचं अर्धं तिकीट त्यांना चालू होतंच, पण ते अर्धं तिकीट त्या दिवसांत त्यांना बोचायला लागलं. अखेर वाढदिवस उजाडला. दुसऱ्याच दिवशी प्रकाशाला केदारेश्वराचं दर्शन ठरलं. नवं पाकीट, धुतलेला सदरा, खिडकीत आधार, आधारावर जन्मतारीख. कंडक्टर आला, आप्पांकडे बघून मशीनची बटणं दाबली आणि शून्याचं तिकीट हातात ठेवून पुढे निघाला.

"अहो, आधार बघा ना!"

कंडक्टर मागे न वळता म्हणाला, "आप्पा, तुमले दखं ना, व्हई गयं."

तुम्हाला पाहिलं, झालं! गाडीतले लोक हसले. आप्पा प्रकाशापर्यंत बोलले नाहीत. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात कुणाच्या चेहऱ्यावर विश्वास ठेवून एक दाखला दिला नाही, त्याच्या चेहऱ्यावरच विश्वास ठेवला गेला होता. याहून मोठा अपमान कुठला? शेजारी त्यांच्या पत्नी माई बसलेल्या. त्यांचं तिकीट अर्धं, मार्च 2023 पासून बायकांना मिळतं ते. त्याला वयाची अट नाही आणि कागदाचं नावही नाही. बाई दिसली की अर्धं. माईंनी कमरेच्या बटव्यातून पैसे काढून दिले आणि खिडकीतून कापसाची शेतं बघत बसल्या. त्यांचं आधार कुठल्या डब्यात आहे हे त्यांना विचारावं लागतं, आणि त्या सांगतात ते डाळीच्या.

प्रकाशाला तापी-गोमाईच्या संगमावर आप्पांनी पाकीट डोक्याला बांधून स्नान केलं. देवळात वाकले तर पिंडीला पहिला नमस्कार पाकिटाचा घडला. येताना हॉटेलात शेवभाजीच्या तर्रीत खिडकीचा कोपरा बुडाला. त्या तेलाचा डाग आजही आधारवरच्या फोटोच्या कपाळावर आहे, नाम ओढल्यासारखा. तीन फडक्यांनी पुसून झालं, साबण झाला, पण आतून शिरलेलं तेल निघेना. आता आप्पा तो डाग ओळखीची खूण म्हणून दाखवतात.

मे महिन्यात वेगळीच अडचण. नंदुरबारचं ऊन ज्यांनी खाल्लंय त्यांना सांगायला नको. घामानं पाऊचच्या आत वाफ धरते आणि खिडकी पांढरी पडते. मग आप्पा पाकीट उन्हाकडे धरून उभे राहतात. माई ओट्यावरून ओरडतात, "अहो, पोळाना बैलनी माळबी संध्याकाळले काढतंस!" बैलाची माळ उतरते, आप्पांची उतरत नाही. रात्री फक्त खिडकीची बाजू बाहेरून आत होते.

पुण्याचा नातू मोठ्या सुट्टीत आला. त्यानं सगळं मोबाइलात घालून दिलं, डिजिलॉकर उघडून दाखवलं, कंडक्टरला हेही चालतं म्हणून सांगितलं. आप्पांनी शांतपणे ऐकून विचारलं, "बॅटरी संपली की मी कोण?" नातू गप्प. पण त्यानं एक गोष्ट बरोबर सांगितली. आधारचा पूर्ण नंबर असा छातीवर मिरवू नये, नुसते शेवटचे चार आकडे दिसणारं आधार निघतं, ते ठेवा. आप्पांना पटलं, पण अर्धवट कागद गळ्यात घालणं त्यांच्या तत्त्वात बसेना. त्यांनी पहिल्या आठ आकड्यांवर औषधाच्या पेटीतली चिकटपट्टी लावली. कुणी विचारलं तर ती उचलून दाखवायची, असं ठरलं. कुणी विचारत नाही. पट्टीची कड आप्पांच्या स्वतःच्याच बोटांनी उचलून उचलून काळी पडली आहे.

मुलगी सुरतेला दिलेली, त्यामुळे महिन्या-दीड महिन्यानं आप्पांची सुरत वारी असते. गाडी नवापूर ओलांडते आणि आप्पांचं वय एसटीच्या लेखी संपतं. मोफत प्रवास राज्याच्या हद्दीपुरता. पुढं गुजरातेत, उच्छलपासून, पूर्ण तिकीट. माईंचंही अर्धं तिथंच संपतं. "उच्छल आलं की मी तरुण होतो का?" हा आप्पांचा प्रश्न जिल्ह्यातल्या बऱ्याच कंडक्टरांच्या ओळखीचा आहे. एकानं एकदा उत्तर दिलं, "होता ना आप्पा, म्हणून तर पैसे घेतो."

यावर चिडून आप्पांनी सुरतेसाठी रेल्वे धरली. आरक्षण केलेलं, पाकीट छातीवर, मान ताठ. टीसी आला, हातातल्या यंत्रात बघत म्हणाला, "नाव?" आप्पांनी नाव सांगेपर्यंत चिकटपट्टी अर्धी उचलली होती. टीसीनं खूण केली आणि तो पुढच्या बाकाकडे गेलासुद्धा.

पण नवापूर स्टेशनावर आप्पा खरे फुलतात. हे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. 1 मे 1960 ला मुंबई राज्याची वाटणी झाली आणि हद्द फलाटावरूनच गेली. तिकीट खिडकी इकडे, स्टेशनमास्तर तिकडे. मधल्या बाकावर रेघ मारून एका बाजूला महाराष्ट्र आणि दुसऱ्या बाजूला गुजरात लिहिलंय. लोक तिथं बसून फोटो काढतात. आप्पा बसतात ते बरोबर रेघेवर, आणि दोन राज्यांच्या मध्ये लोंबणाऱ्या पाकिटाकडे कुणी तरी अधिकारी येऊन बघेल म्हणून वाट पाहतात.

मागच्या हिवाळ्यात मी बरोबर होतो. बाकाच्या पायाशी ऊसतोडीला निघालेली एक टोळी बसली होती, भांडी, गोधड्या, दोन कोंबड्या. इथून दरवर्षी कितीतरी कुटुंबं अशी गुजरातेत जातात. एक बाई लुगड्याच्या आतली गाठ सोडत होती. आतून दुधाची धुतलेली पिशवी निघाली, तिच्यात आणखी एक, आणि तिच्यात घरातल्या सगळ्यांची आधारं, रेशनकार्ड, पोराचा लसीकरणाचा कागद. सगळे घडीवर घडी, कोरडे ठणठणीत. तिनं त्यातून पाचाची नोट काढली, पुन्हा तीन वेढे देऊन गाठ मारली आणि दोन्ही हातांनी पोर काखेत घेतलं.

आप्पा हे टक लावून बघत होते. त्यांच्यातला अव्वल कारकून जागा झाला. "बाई, गाठ चांगली आहे," ते म्हणाले, "पण बाहेरून दिसत नाही."

"दिसून काय करायचं?" बाई म्हणाली. "मागितलं तर काढते."

"मागतात?"

"सगळेच मागतात. तुमच्याकडे मागत नाहीत का?"

आप्पांनी उत्तर दिलं नाही. थोड्या वेळानं त्यांनी चुळबुळत मला विचारलं की धडगावच्या कचेरीत त्या वेळी झेरॉक्स मशीन असतं तर किती रुपयाला पडलं असतं. मी म्हटलं, आता काय उपयोग? ते म्हणाले, नुसतं विचारलं.

परतल्यावर मात्र त्यांना अमरनाथनं गाठलं. कुणीतरी सांगितलं की तिथल्या यात्रेत आरएफआयडीचं कार्ड गळ्यात घालणं सक्तीचं आहे, आणि जागोजाग तपासतातही. आप्पांचे डोळे चमकले. गळ्यात, सक्तीनं, आणि वर तपासणी! देवावर त्यांची श्रद्धा बेताची, पण ही व्यवस्था त्यांना पटली. डॉक्टरांचा दाखला लागतो, तो काढायला उठले. फोटो काढून आणले. चेनच्या कप्प्यात जागा केली. मग नातवानं फोनवर नियम वाचून दाखवला: वय तेरा ते सत्तर.

ज्या जन्मतारखेनं एसटी फुकट केली, तिनंच यात्रा अडवली. आप्पा संध्याकाळभर खिडकीतल्या आधारकडे संशयानं बघत होते. माई म्हणाल्या, बरं झालं, थंडी असते तिकडे. पण आप्पा खचणाऱ्यातले नव्हेत. रात्री त्यांनी फुलस्केप घेऊन अर्ज लिहिला. विषय: वयाच्या अटीतून सूट मिळणेबाबत. मजकूर चार ओळींचा, आणि खाली 'सोबत जोडली आहेत' असं लिहून अकरा कागदांची यादी. दुसऱ्या दिवशी स्पीड पोस्टानं पाठवला. पोस्टातल्या मुलीनं लिफाफ्यावरचा पत्ता तपासला, पिनकोड पुन्हा विचारला आणि म्हणाली, "पाठवणाऱ्याचं ओळखपत्र आहे का काका?"

ते लागतं की नाही मला ठाऊक नाही. आप्पांनी चिकटपट्टी इतक्या जोरात ओढली की नंबरासकट कार्ड खिडकीतून बाहेर आलं.