शेवटचे सात सेकंद

ऑनलाइन लिलावात उतरायचं ठरवलंत, अभिनंदन. पहिली तयारी म्हणजे घरातली माणसं किती वाजता गाढ झोपतात याची नोंद ठेवा. विक्रेता अमेरिकेतला असेल तर त्याची संध्याकाळ ही आपली पहाट. पहाटे पाचला ओट्यावर लॅपटॉप ठेवून उभा असलेला माणूस नेमकं काय करतोय, याचं घरच्यांना पटेल असं उत्तर आजवर कोणाला सुचलेलं नाही.

'मला या वस्तूची गरज आहे का?' हा प्रश्न दुकानासाठी राखून ठेवा. १९९५ साली पिएर ओमिद्यार नावाच्या गृहस्थाने लिलावाचं एक संकेतस्थळ सुरू केलं. पुढे त्याचंच ईबे झालं. तिथे पहिल्यांदा खपलेली वस्तू होती त्याचा स्वतःचा मोडका लेझर पॉइंटर. १४.८३ डॉलरला गेला. ओमिद्यारने घेणाऱ्याला विचारलं, तो मोडलाय हे कळलंय ना? उत्तर आलं, मी मोडकेच जमवतो. या माणसाला आपल्या संप्रदायाचा आद्यपुरुष मानून मगच पुढे वाचा.

माझं क्षेत्र चावीच्या घड्याळांचं. २०१६ च्या जानेवारीत सरकारने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय घेतला आणि जी घड्याळं माणसं ड्रॉवरमध्ये टाकून विसरली होती, त्यांच्या आठवणीने सगळ्यांचे गळे दाटून आले. माझाही आला. गळा दाटलेला असताना वस्तूचं वर्णन वाचायला शिकणं फार महत्त्वाचं. 'आजोबांचं घड्याळ' म्हणजे कोणाच्या तरी आजोबांचं. 'तपासलेलं नाही' म्हणजे तपासलं आणि बंद निघालं. 'अगदी नव्यासारखं' म्हणजे डायल गेल्या महिन्यात रंगवलेली, काटे एकाचे, मशीन दुसऱ्याचं, चावी तिसऱ्याची. असा ऐवज आपल्याकडून इतका निर्यात झालाय की परदेशातल्या संग्राहकांनी त्याला नावच ठेवलंय, 'मुंबई स्पेशल'. हे कौतुक नव्हे. फोटो धूसर असेल तर विक्रेत्याला कॅमेरा वापरता येत नाही असं समजू नका, चांगलाच येतो.

आता बोली. व्यवस्था तशी साधी आहे. तुम्ही तुमची कमाल रक्कम गुपचूप सांगून ठेवायची. समोरचा जितका वर जाईल त्याच्या एक पायरी वर यंत्र तुमच्यासाठी जात राहतं. म्हणजे किंमत तुमच्या खालोखालचा माणूस ठरवतो. तेव्हा खरी रक्कम एकदाच लिहावी आणि शांत झोपावं, हे शहाणपण. विल्यम विक्री यांनी १९६१ मध्ये अशाच लिलावाचं गणित मांडलं आणि पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळवलं. पण विक्री यांनी माणूस धरला होता तो हिशेबाने चालणारा. आपल्याला सात सेकंद उरले असताना बोली टाकायची असते, कारण ईबेसारख्या लिलावाची वेळ ठरलेली असते, ती वाढत नाही, आणि त्या सात सेकंदांत समोरच्याला विचार करायला सवड मिळत नाही. आपल्यालाही मिळत नाही, पण ते नंतर कळतं.

जिंकल्यावर पडद्यावर अभिनंदन येतं. भाजीवाल्याने कधी मेथीची जुडी 'जिंकल्याबद्दल' आपलं अभिनंदन केलंय? सगळी मोहिनी तिथे आहे. त्या वस्तूला इतके पैसे द्यायला जगात दुसरं कोणी तयार नव्हतं, याचा तो दाखला असतो. तेलाच्या क्षेत्रांसाठी बोली लावणाऱ्या कंपन्या जिंकूनही खोटीत का जातात, हे तीन अमेरिकी इंजिनिअरांनी १९७१ मध्येच लिहून ठेवलंय. त्यांच्या मते शापच असतो तो. त्यांचं तेल होतं, आपलं घड्याळ.

विकणाऱ्यांसाठी फार सांगण्यासारखं नाही. सुरुवात ९९ रुपयांपासून ठेवा, नावाचं स्पेलिंग तपासा (चुकलं तर वस्तू कोणाला सापडत नाही आणि एखादा चतुर ती त्याच ९९ ला उचलतो), आणि देवाकडे एक नव्हे, दोन गिऱ्हाइकं मागा. एकमेकांवर खार खाणारी.

अशी दोन मी जवळून पाहिली आहेत. त्यातला एक मी. काळ्या डायलचं एचएमटी पायलट, रविवार, रात्रीचे साडेअकरा. माझी ठरलेली मर्यादा पंधराशे. समोर कोणी 'स*७', कारण बोली लावणाऱ्याचं पूर्ण नाव दिसत नाही. सोळाशेला तो, सतराशेला मी. अडीच हजारांपर्यंत मला घड्याळ हवं होतं. त्यानंतर 'स*७' ला ते मिळू नये एवढंच हवं होतं. सात सेकंद उरले असताना ३,६५० टाकले. अभिनंदन!

भाऊबीजेला मेहुणा आला. ओवाळून झालं, चकली तोंडात टाकत म्हणाला, "दाजी, तुम्हाला घड्याळांतलं कळतं म्हणून सांगतो. एक पायलट हातचं गेलं हो. काळी डायल. शेवटच्या सात सेकंदांत कोणा येड्याने छत्तीसशे पन्नासला उचललं."

मी बाही खाली ओढली. ही चिवड्याची वाटी घेऊन दारातच थांबली होती. तिला मी नऊशे सांगितले होते.