दाब सोसणारं पेट्रोल

साधं पेट्रोल मागितलं की पंपावरचा पोरगा मला 'अंकल' म्हणतो. 'पॉवर टाक' म्हटलं की लगेच 'सर'. लीटरमागे सात-आठ रुपयांत एवढी बढती मला ऑफिसात उभ्या हयातीत मिळाली नाही. त्यामुळे आपल्या जुन्या वॅगनआरला ९५ ऑक्टेन कशाला, असं बायकोने विचारलं की मी इंजिनाविषयी बोलतो, स्वतःविषयी नाही.

पंचाईत अशी की शास्त्र तिच्या बाजूने आहे. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. सिलिंडरमध्ये कितीही दाबलं तरी पेट्रोलने आपल्या मनाने भडकायचं नाही, हा संयम मोजणारा तो आकडा. आयसोऑक्टेनला १०० गुण, हेप्टेनला ०. संयम कमी पडला की इंजिन खडखडतं. टर्बोच्या, जास्त कॉम्प्रेशनच्या गाड्यांना वरचं पेट्रोल मानवतं. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत ९१ पुरे, असं छापलंय. आणि आमच्या नालासोपाऱ्याच्या आचोळे रोडवर संध्याकाळी दुसरा गिअर पडला तरी तो उत्सव असतो. शिवाय आता साध्या पेट्रोलमध्येच २० टक्के इथेनॉल असतं, उसाचं नाहीतर धान्याचं. त्याचं ऑक्टेन शंभराच्या वर. म्हणजे संयम आम्हाला न विचारताच टाकीत पडतोय. मायलेज तेवढं थोडं उतरतं.

पण खरं ऑक्टेन बघायचं तर सकाळी नालासोपारा स्टेशनवर या. विरारहून सुटलेली गाडी इथे भरूनच येते. म्हणून आमची माणसं आधी उलटी विरारला जातात आणि त्याच गाडीत बसून परत येतात. यावर विरारकर भांडतात, आणि ते बरोबरच आहे. चौथ्या सीटवर अर्धं बूड, एकाचं कोपर दुसऱ्याच्या बरगडीत, तिसऱ्याचा डबा चौथ्याच्या मानेवर. आणि या कोंबाकोंबीत भजनी मंडळाला टाळ वाजवायला जागा सापडते! रेल्वेच्या भाषेत याला 'सुपर डेन्स क्रश लोड' म्हणतात : एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ उभी माणसं. इतक्या दाबाखाली कोणी पेटत नाही. फार तर आवाज येतो, 'दादा, जरा आत सरका.' आत कुठे, ते दादालाही ठाऊक नसतं, पण तो सरकतो.

हसता हसता मी इथे अडखळतो. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल मिळणार म्हटलं की इंजिन बनवणारे काय करतात? कॉम्प्रेशन वाढवतात. सोसतंय ना, मग दाबा अजून. आमच्या आचोळ्यात इमारतीला खेटून इमारत उठते, पाणी टँकरने येतं, गर्दी वाढत जाते, आणि आमच्या सोसण्याला वर 'स्पिरिट' म्हणून शाबासकी मिळते. घरी परतलेला माणूस पोरावर उगाच खेकसतो तेव्हा कळतं, हा दाब कुठून निघतोय.

एखाद्या दिवशी आपण जिथे खडखडायला हवं तिथे खडखडावं, असं वाटतं. इंजिन गुपचूप चालत असेल, तर मेकॅनिक बॉनेट उघडेलच कशाला?