साडेब्याण्णव गुणांचा एम.ए.

मला इंग्रजी येतं, ही आमच्या घरात वाद नसलेली एकमेव गोष्ट होती. स्वयंपाक, गाडी लावणं, कोथिंबीर निवडणं, लग्नघरी नातेवाइकांना ओळखणं यांतलं मला काय येतं याबद्दल बायकोची मतं ठाम आहेत आणि ती इथे छापण्याजोगी नाहीत. पण इंग्रजीचा विषय निघाला की तीसुद्धा म्हणायची, "तेवढं मात्र येतं हं ह्याला." शिवाजी विद्यापीठाचा इंग्रजीचा एम.ए., थॉमस हार्डीवर प्रबंधिका, मग ज्युनिअर कॉलेजात वर्षानुवर्षं अकरावी-बारावी. एवढ्या भांडवलावर माणूस सुखाने म्हातारा झाला असता. मध्ये चीन आला.

बायकोच्या कंपनीने तिला सुझौला पाठवलं आणि मी 'सोबत' या पदावर तिच्यामागून गेलो. शांघायच्या शेजारचं हे शहर कालव्यांसाठी आणि जुन्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. आम्ही राहायचो ते मात्र औद्योगिक वसाहतीतल्या उंच इमारतीत. चिनी भाषा येत नसल्यामुळे बाजारात माझा आवाज बंद असे. घरी तो तसाही फारसा चालू नसतो. अशात एकदा लिफ्टमध्ये शेजारच्या काकूंनी फोनवरच्या भाषांतरयंत्रातून विचारलं, आपण काय करता? मी छाती फुगवून सांगितलं, इंग्रजी शिकवायचो. काकूंचा चेहरा उजळला. "लाओशी!" म्हणजे गुरुजी. चिरंजीव गाओसानला होते, म्हणजे आपल्याकडची बारावी, आणि जूनमध्ये गाओकाओ. लाओशींनी त्याचं इंग्रजी वाचन आणि शब्दसंग्रह जरा तपासून द्यावा, कुठे कमी पडतंय ते सांगावं, एवढीच विनंती होती. सोबत संत्र्यांची पिशवी होती. मी दोन्ही स्वीकारलं.

गाओकाओ म्हणजे चीनमधली विद्यापीठप्रवेशाची परीक्षा. आपल्या बारावीच्या पोटात सीईटी आणि जेईई कोंबली तर साधारण अंदाज यावा. सांस्कृतिक क्रांतीत बंद पडलेली ही परीक्षा १९७७च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाली. आता ती दरवर्षी ७ जूनला सुरू होते. २०२४ साली १ कोटी ३४ लाखांहून जास्त मुलांनी नावं नोंदवली होती. परीक्षाकेंद्राजवळ बांधकामं थांबतात, हॉर्न वाजवायला बंदी असते, आणि शुभशकुन म्हणून आया चिपाओ नावाचा चिनी पोशाख घालून फाटकाशी उभ्या राहतात. एकूण गुण ७५०. त्यांतले इंग्रजीचे १५०, म्हणजे चिनी आणि गणिताच्या बरोबरीने. हे पहिल्यापासून असं नव्हतं. १९७९ साली परकीय भाषेचे दहा टक्केच गुण धरायचे. ते वाढत वाढत १९८३ला पूर्ण धरू लागले. इंग्रजीऐवजी रशियन, जपानी, जर्मन, फ्रेंच किंवा स्पॅनिशही घेता येते. मराठीची सोय नाही, हे मी विचारून घेतलं.

पहिल्या संध्याकाळी शब्दसंग्रह तपासायला घेतला. गाओकाओसाठी साधारण साडेतीन हजार शब्द लागतात असं पोराने सांगितलं. साडेतीन हजार! एवढे तर हार्डीच्या एखाद्या प्रकरणात सापडतील, असं मनातल्या मनात म्हणत मी वेसेक्सच्या माळरानावरचे चार निवडक शब्द त्याच्यापुढे टाकले. त्याने नम्रपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "चाओगांग." अभ्यासक्रमाबाहेरचं. पुढचा शब्द. चाओगांग. त्याच्या पुढचा. चाओगांग. त्याला ते येत नव्हते याचं दुःख त्याच्या चेहऱ्यावर शोधूनही दिसेना. उलट त्यानेच मला समजावलं की हा पेपर अवघड शब्दांच्या वाटेला जातच नाही. यादीबाहेरचा शब्द उताऱ्यात आलाच, तर कंसात चिनी अर्थ देतात, नाहीतर संदर्भावरून ओळखा म्हणून त्याच्यावरच प्रश्न विचारतात. खरा सापळा ओळखीच्या शब्दांत असतो. 'बुक' म्हणजे पुस्तक हे पोराला तिसरीपासून ठाऊक. पेपरात ते खोली राखून ठेवतं. 'फाईन' दंड करतं, 'ॲड्रेस' प्रश्न हाताळतं. अशा शब्दांची त्याच्याकडे वेगळी वही होती. माझ्याकडे हार्डी होता.

शब्दांत डाळ शिजेना म्हटल्यावर मी वाचनाकडे वळलो. २०२४ची खरी प्रश्नपत्रिका घेऊ, घड्याळ लावू, असं ठरलं. त्यावर मी एक वाक्य बोललो, जे बोलायची काही गरज नव्हती. म्हटलं, मीही सोबत सोडवतो, म्हणजे तुला आदर्श उत्तरपत्रिका मिळेल. भाषांतरयंत्राने हे काकूंना इतक्या आदराने सांगितलं की त्यांनी आजोबांनाही बाहेर बोलावलं.

पेपर दोन तासांचा. सुरुवातीची वीसेक मिनिटं ऐकण्याची: वीस प्रश्न, दीड-दीड गुण. पहिले पाच संवाद एकदाच ऐकवतात, बाकीचे दोनदा. पहिल्याच संवादात एक बाई शर्टाची किंमत विचारते. मी कान टवकारले आणि बिनचूक टिपलं: ९ पौंड १५ पेन्स. अगदी खात्रीचं उत्तर. विजयी मुद्रेने मान वर केली तर पोरगा माझ्याकडे काळजीने बघत होता. तो प्रश्न नव्हता, नमुना होता. उत्तर शेजारीच छापलेलं होतं. तो शर्ट दरवर्षी तोच असतो, किंमत तीच असते आणि चीनमधल्या शाळकरी पोरांना ती झोपेतही सांगता येते. हा खुलासा माझ्या पदरात पडेपर्यंत खरा पहिला संवाद संपून गेला होता.

मग वाचन. चार उतारे, पंधरा प्रश्न, प्रत्येकी अडीच गुण. पहिला उतारा सूचनाफलकासारखा सोपा असतो, मग चढण सुरू होते आणि चौथ्याला दम लागतो. त्या वर्षीचा पहिला उतारा कॅलिफोर्नियातल्या मॅरिन भागात निसर्गरक्षणासाठी श्रमदान करणाऱ्या गटाबद्दल होता. स्वयंसेवकांकडून काय अपेक्षित आहे, असा प्रश्न. मी एन.एस.एस.ची शिबिरं घेतलेला माणूस. श्रमदानाला काय लागतं हे मला कॅलिफोर्नियाने शिकवायची गरज नव्हती. घमेलं-फावडं आपापलं आणायचं, नाहीतर पहिला दिवस अवजारं गोळा करण्यातच जातो. तसा पर्यायही होता. केली खूण. बरोबर उत्तर होतं, खराब हवेतही काम करायचं. पोराने उताऱ्यातल्या ओळीवर पेन्सिल ठेवली आणि काही बोलला नाही. पुढे कितीदा तरी हेच झालं. मी प्रश्न वाचायचो, आयुष्यभराचा अनुभव आठवायचो आणि उत्तर द्यायचो. तो प्रश्न वाचायचा, उताऱ्यात ओळ शोधायचा आणि उत्तर द्यायचा. गुण त्याच्या पद्धतीला होते.

तिसऱ्या उताऱ्याबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण बायको वाचेल तेव्हा विचारेलच. कागदावर वाचलेलं आणि पडद्यावर वाचलेलं सारखंच समजतं का, हा त्याचा विषय. सारखं समजत नाही, पडद्यावर माणूस वरवर वाचतो, असा एकूण सूर. छापील प्रत एकच असल्यामुळे ती पोराकडे होती. मी हा उतारा टॅबवर वाचला आणि त्यावरचे दोन प्रश्न चुकवले. संशोधनाला याहून चांगला पुरावा कोणता हवा?

वाचनाच्या विभागातच एक 'सातातून पाच' नावाचा प्रकार आहे. उताऱ्यात पाच रिकाम्या जागा, खाली सात वाक्यं, दोन फालतू. एक वाक्य भलत्या जागी बसलं की त्याच्या हक्काच्या जागी दुसरं घुसतं आणि पुढची सगळी रांग सरकते. माझी सरकली. त्यानंतर गाळलेल्या शब्दांचा उतारा: पंधरा जागा, प्रत्येकी चार पर्याय. यांत गंमत अशी की चारही शब्द व्याकरणात चपखल बसतात. नेमका कोणता, हे बरेचदा दोन ओळी पुढे कळतं. मी तिथल्या तिथे जो शब्द कानाला गोड लागेल तो टाकत गेलो. वाक्यं नटली, गोष्ट कोलमडली. परीक्षा कशी घ्यावी यावर मी कॉलेजात बरीच भाषणं ठोकली आहेत, तरी प्रामाणिकपणे सांगतो, असा घट्ट विणलेला प्रश्न मला एकदाही काढता आला नाही.

आता लेखन. म्हटलं, इथे तरी आपण राजे. पत्र लिहायचं होतं, साधारण ऐंशी शब्दांत, ली ह्वा या विद्यार्थ्याच्या नावाने. हा ली ह्वा गाओकाओतला चिरंजीव विद्यार्थी. पिढ्या बारावी होऊन गेल्या, हा अजून परदेशी मित्रांना पत्रंच लिहितोय: सहलीचं बोलावणं, कार्यक्रमाची माहिती, आजारपणाची चौकशी. परीक्षार्थीने खरं नाव लिहून ओळख द्यायची नसते म्हणून ही सोय. मी मित्राला 'रिस्पेक्टेड सर' म्हटलं, प्रकृती उत्तम असल्याची आशा व्यक्त केली, 'आय बेग टू स्टेट' करत दीडशे शब्दांनी मुद्द्याजवळ पोचलो आणि खाली झोकात स्वतःची सही केली. ओळख उघड, शब्द दुप्पट. शिवाय अक्षर. उत्तरपत्रिका स्कॅन होऊन तपासनिसाला पडद्यावर दिसतात, त्यामुळे मुलं छापल्यासारखं गोल इंग्रजी अक्षर घोटतात. हपै प्रांतातल्या हंगश्वी शहरातल्या एका नामांकित शाळेवरून त्या वळणाला 'हंगश्वी अक्षर' म्हणतात. पोराचं पान पुस्तकातून फाडल्यासारखं दिसत होतं. माझ्या हातून किराण्याची यादी लिहून घ्यायला घरात बंदी आहे.

पण खरा अपघात शेवटच्या पंचवीस गुणांत झाला. अर्धी गोष्ट देतात, पुढच्या दोन परिच्छेदांची पहिली वाक्यं देतात, उरलेली गोष्ट दीडशे शब्दांत आपण पुरी करायची. २०२४च्या गोष्टीत निवेदक विमानाला उशीर झाल्यामुळे व्हिएन्नात घाईघाईने टॅक्सी करतो. प्रागची शेवटची बस गाठायची असते. टॅक्सीवाला गुंटर त्याला वेळेत पोचवतो, पण कार्ड चालत नाही, एटीएममधून पैसे येत नाहीत. पहिला परिच्छेद: मी धावत जाऊन गुंटरला ही वाईट बातमी दिली. दुसरा: चार दिवसांनी व्हिएन्नात परतल्यावर कबूल केल्याप्रमाणे मी त्याला फोन केला.

ही परिस्थिती मी जगलोय! स्वारगेटला, रात्री अकरानंतर. माझ्या गुंटरने प्रथम दीडपट भाडं सांगितलं. मग रिटर्न भाडं मागितलं. मग सुटे नाहीत म्हणाला. मग तीन सहकारी बोलावले. शेवटी निवेदकाचं घड्याळ ठेवून घेतलं. एवढं झाल्यावर चार दिवसांनी या माणसाला आपण होऊन फोन कोण करेल? पण वाक्य छापलेलं होतं. म्हणून मी फोन लावायला लावला आणि पलीकडून कोणीच उचलला नाही, पाऊस पडत राहिला, असा हार्डीला शोभेल असा शेवट केला.

पोराच्या गोष्टीत गुंटर हसला, निवेदकाच्या खांद्यावर हात ठेवून बस पकड म्हणाला, निवेदकाचे डोळे भरून आले, काळीज धडधडलं, दुसऱ्या परिच्छेदात पैसे चुकते झाले आणि थंड रात्री माणुसकीची ऊब मिळाली. भरून येणारे डोळे, धडधडणारी काळजं यांचा त्याच्याकडे वर्गवारी केलेला पाठ साठा होता. मी नाक मुरडलं. त्यावर तो म्हणाला, "पण लाओशी, दुसऱ्या वाक्यात 'कबूल केल्याप्रमाणे' लिहिलंय. म्हणजे गुंटरने पैसे नंतर द्यायला परवानगी दिली असणार." तेही तिथे छापलेलंच होतं.

उत्तरपत्रिका पोरानेच तपासली, कारण नियम त्याला ठाऊक होते. ऐकण्यात साडेपंचवीस, उताऱ्यांत साडेबावीस, सातातून पाचात पाच, गाळलेल्या शब्दांत नऊ, व्याकरणात साडेतेरा, पत्राला सात, गुंटरला दहा. एकूण साडेब्याण्णव. नव्वदला पास धरतात. मी पास होतो! पण आजोबांनी आकडा ऐकून ज्या पद्धतीने माझ्या कपात पुन्हा चहा ओतला, ती पद्धत आपल्याकडे सुतकाच्या घरी असते. काकूंनी भाषांतरयंत्रात बराच वेळ काहीतरी पुटपुटून मग ते न ऐकवताच बंद केलं. पोराला १३६ होते.

शिकवणी बंद झाली नाही, एवढं नमूद करतो. फक्त काम बदललं. या पेपरात एक मोठं भोक आहे: दीडशे गुणांत बोलण्याला तिथे एकही गुण नाही. कागद आणि पडदा यांतला फरक लीलया सोडवणारा हा पोरगा लिफ्टमध्ये मला 'हॅलो' म्हणून मजले मोजत उभा राहायचा. त्यामुळे रोज संध्याकाळी तासभर आम्ही नुसतं बोलायचो. तो माझ्याशी इंग्रजी बोलायचा, मग मला सातातून पाच घालायचा. जूनमध्ये त्याला १४१ मिळाले. त्यात माझा वाटा किती, हे मी विचारलं नाही. काकूंनी संत्री आणून दिली.

गाओकाओचे जुने पेपर सहज मिळतात. तुम्हालाही इंग्रजी येत असेल तर एखादा जरूर सोडवा. फक्त तो छापून घ्या, घड्याळ लावा, आणि तपासायला बारावीतलं पोर घरचं घेऊ नका, शेजारचं घ्या. घरच्याला नंतर जेवायला वाढावं लागतं.