संगीतमय सहल

सहकुटुंब सहल संगीतमय व्हावी असं वाटत असेल, तर आलापल्ली ते सिरोंचा हा रस्ता निवडावा. अंतर जेमतेम 100 किलोमीटर. दोन्ही बाजूंना सागवान, मध्ये 353 सी हा राष्ट्रीय महामार्ग. फलकावर तसंच लिहिलंय.

गाडीत गाणी लावू नयेत. पहिल्याच खड्ड्यात सस्पेन्शन ठेका धरतं, डिकीतल्या डब्यातले लाडू खुळखुळ्यासारखे वाजतात आणि मागच्या सीटवरची आजी आलाप घेते. (गावाचं नाव आलापल्ली उगाच नाही.) माडियांच्या रेला गाण्यांना साथीला ढोल लागतो, आपली ती सोय महामार्गानेच केलेली.

पुढे वडधमला डायनासोरचे जीवाश्म जपून ठेवले आहेत. त्याच धर्तीवर या खड्ड्यांनाही क्रमांक द्यावेत, कुंपण घालावं, बुजवणाऱ्यावर गुन्हा नोंदवावा. तसा गुन्हा करायला फारसं कुणी धजत नाही, हे वारशाचं भाग्य.

सिरोंचात प्राणहिता गोदावरीला मिळते. तो संगम पाहून पलीकडे तेलंगणात, कालेश्वरमला जायचा मोह होतो. आवरावा. आम्ही गेलो. गोदावरीच्या पुलावर चढताच गाडी गप्प झाली, मुलं कंटाळली, आजी घोरू लागली.

परतीचा रस्ता तोच आहे. निघण्यापूर्वी स्टेपनीतली हवा तेवढी बघून घ्या.