कार्डाचे झाले पुस्तक

पैशाबद्दलचे पुस्तक लिहायला किती वेळ लागतो? शिकागो विद्यापीठातले प्राध्यापक हॅरॉल्ड पोलॅक यांना 2013 मध्ये काही मिनिटे पुरली. पत्रकार हेलेन ओलेन यांच्याशी गप्पा मारताना ते म्हणून गेले, की कामाचा सगळा सल्ला एका छोट्या कार्डावर मावतो. लोक म्हणाले, दाखवा. त्यांनी कार्ड खरडले, फोटो काढला आणि तो वाऱ्यासारखा पसरला.

त्यात गुपित असे काहीच नव्हते. क्रेडिट कार्डाचे बिल दरमहा पूर्ण भरा, स्वस्तातले म्युच्युअल फंड घ्या, एकेका कंपनीचे शेअर घेण्याच्या फंदात पडू नका. म्युच्युअल फंड सोडला, तर कुठल्याही काटकसरी आजीने हेच सांगितले असते, तेही फुकट.

पण कार्डाच्या पाठीवर किंमत छापता येत नाही! म्हणून 2016 मध्ये दोघांनी मिळून त्याचे दोनशेहून अधिक पानांचे पुस्तक केले. यातली खरी गंमत ओलेनबाईंची. त्याआधी त्यांनी अर्थसल्ल्याच्या धंद्याचीच सालटी काढणारे पुस्तक लिहिले होते.

नव्या पुस्तकातले नियम मोजले, तर दहाच भरतात. उरलेली पाने बहुधा ते पाळण्याचा धीर यावा म्हणून.